देवाच्या गुरूचा चेहरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्याबरोबर रोज संध्याकाळी तलावाकाठी फिरतो त्या मित्रालाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. आली, तीन-चारदा आली, आणि दर वेळी मी चहा मागवला. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही सरांना ओळखत नव्हता म्हणून असेल. जे ओळखत होते त्यांच्यासमोर हे माझ्या तोंडून निघणार नाही.

मी जळगावात एका शाळेत चित्रकला शिकवतो. सुट्टीत बाहेरची कामं घेतो. बालवाडीच्या भिंतीवरचे ससे, मंगल कार्यालयाचे गणपती, एकदा तर दातांच्या दवाखान्यात हसणारी दाढ काढली होती. माझा हात चांगला आहे. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पण हात चांगला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

हा हात ज्यांनी घडवला ते सर आम्हाला धुळ्याला चित्रकला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवायचे. आणि प्यायचे. दोन्ही गोष्टी सगळ्या धुळ्याला माहीत होत्या. तासाला मात्र कधी पिऊन आले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे — इतरांनी ते कधी सांगितलं नाही, मीही नाही.

कॉलेजात परदेशी चित्रांचं एकच मोठं पुस्तक होतं. छपाई यथातथाच, लाल रंग एकीकडे सरकलेला, निळा दुसरीकडे. पण सर ते उघडायचे आणि आम्ही वीस-बावीस जण टेबलाभोवती गर्दी करायचो. त्यांचा सगळ्यात आवडता विषय कोणता असेल? दारूचा देव. बॅकस. मागच्या बाकांवर खसखस पिकायची आणि सर तीही ऐकून घ्यायचे. मग ग्रीक मडक्यांपासून सुरुवात व्हायची. मडक्यांवर माना मागे टाकून नाचणाऱ्या बायका, हाताला साप गुंडाळलेला. मग रोमन लोकांच्या दगडी शवपेट्या. विचार करा, आत मेलेला माणूस आणि बाहेर सगळीकडून देवाची वरात, द्राक्षांचे घड, बासऱ्या, झांजा. मग चित्त्यांच्या रथातून एका टाकून दिलेल्या मुलीसाठी उडी मारणारा देव. मग तो फिकट, आजारी देव, ओठ हिरवट. मग एका स्पॅनिश चित्रात शेतकऱ्यांच्या घोळक्यात बसलेला देव. ते शेतकरी आपल्या एरंडोलच्या बाजारात दिसावेत असे, रापलेले, दात पडलेले, बाटलीकडे नाही तर थेट आपल्याकडे बघून हसणारे.

आणि प्रत्येक वरातीत एक म्हातारा. लठ्ठ, टकला, कपाळावर द्राक्षाची पानं, गाढवावरून घसरतोय आणि दोघांनी त्याला काखेत धरलंय. सायलेनस. सर त्याच्यावर बोट ठेवून थांबायचे. म्हणायचे, हा त्या देवाचा गुरू बरं का. ह्यानंच त्याला लहानाचा मोठा केला. दोन हजार वर्षं चित्रं बघा, देव कायम तरुण. पितो देव आणि म्हातारा होतो गुरू.

तेव्हा आम्ही हसलो होतो. सरही हसले होते.

आता ती बसस्टँडची गोष्ट सांगतो, कारण तिथूनच सगळं सुरू झालं. शेवटच्या वर्षाला आम्ही अजिंठ्याला गेलो होतो. परतताना सर वाटेत कुठंतरी प्यायले. धुळ्याच्या स्टँडवर संध्याकाळी आम्ही दोघांनी त्यांना काखेत धरून उतरवलं. बाकावर बसवलं. दुसरा मुलगा रिक्षा बघायला गेला. सरांचं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आणि पापण्यांच्या खालून ते कुठंतरी लांब बघत होते. त्यांना पाणी हवं होतं. ‘पाणी’ म्हणाले ते, मी स्पष्ट ऐकलं. आणि मी काय केलं? पिशवीतून वही काढली. दहा मिनिटं तसाच समोर उभा राहून मी त्यांचा चेहरा काढला. तसं रेखाटन मला पुन्हा कधी जमलं नाही. पाणी नंतर त्या दुसऱ्या मुलानं आणून दिलं.

ती वही मी जपून ठेवली.

सरांनी दारू सोडली ती निवृत्तीनंतर. जळगावला घर केलं त्या पहिल्याच श्रावणात, कानबाईच्या दिवशी. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशाची लाडकी देवी. घरात चौरंगावर बसते, आणि तिच्या नैवेद्याचे रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. परक्याच्या तोंडात त्यातला कणही पडता कामा नये. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत, इतकं ते कडक. मी सहज म्हणून दर्शनाला गेलो होतो. सरांनी चौरंगावर हात ठेवला आणि म्हणाले, आजपासून बंद. काकू पदर तोंडाला लावून रडल्या. मग सगळे जेवायला बसले तसा मी चपला घालायला लागलो, तर सर आतून काकूंना म्हणाले, “हाऊ घरनाच शे. वाढ त्याले.”

काकू घुटमळल्या. साहजिक आहे. पण वाढलं त्यांनी. मी रोट खाल्ला. तेव्हापासून दर श्रावणात मी त्या घरचा. आणि म्हणूनच मला पक्कं ठाऊक होतं, इतर कुणाहीपेक्षा पक्कं, की त्या दिवसानंतर सरांनी थेंबालाही हात लावलेला नाही.

सरांनी घरातच मुलांचा वर्ग सुरू केला. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी. शनिवार-रविवार ओसरीत मुलं बसायची, मांडीवर बोर्ड घेऊन. आयुष्यभर ज्या माणसाला लोक ‘तो पिणारा मास्तर’ म्हणत आले, त्याच्याकडे आता आया आपल्या मुली विश्वासानं सोडून जात होत्या. सर मुलांच्या पेन्सिली स्वतः ब्लेडनं तासून ठेवत. मी विचारलं, मुलांना का नाही करू देत? तर म्हणाले, हात थरथरत नाही आता, तर वापरून घेतो.

मग माझं काय बिनसलं? हे लिहिताना मी दोनदा उठून आलो. मी माझ्या चित्रांचं छोटंसं प्रदर्शन भरवलं होतं. सरांनी उद्घाटन केलं, सगळी चित्रं सावकाश पाहिली आणि भरल्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, “ह्याचा हात पक्का आहे. डोळा मात्र अजून उसना आहे.” लोक हसले. मीही हसलो. पिऊन बोलले असते तर मी सोडून दिलं असतं. शुद्धीत बोलले. आणि खरं बोलले. तेच मला सहन झालं नाही. त्या रात्री नाही, नंतरही कित्येक महिने नाही. तोंडावर सर-सर करायचो आणि आत धुमसत राहायचो.

अशात ते काम आलं. एरंडोल रस्त्याला नवीन परमिट रूम उघडत होती. मालक चोपड्याकडचे, केळीत पैसा केलेले. आबा म्हणायचे त्यांना. त्यांना फॉरेनच्या बारमध्ये असतं तसं चित्र हवं होतं, अख्खी भिंत भरून. मी म्हटलं, दारूच्या देवाची वरात काढतो. आबा खूश. कच्चं चित्र बघून एकच शंका काढली: “द्राक्षे त्या नाशिकन्या, मास्तर. आपली केळी कोठे शे?” म्हणून माझ्या बॅकसच्या वरातीत दोन बायकांच्या डोक्यावर केळीचे घड आहेत. जगात दुसरीकडे कुठं असतील असं वाटत नाही.

मोठी भिंत रंगवायची तर मूळ चित्रावर चौकडी आखतात आणि एकेक चौकोन भिंतीवर मोठा करत जातात. देव झाला, चित्ते झाले, नाचणाऱ्या बायका झाल्या. खालच्या कोपऱ्यात म्हातारा आला. पुस्तकातलं ते चित्र मी मोबाइलवर काढून आणलं होतं. त्यात म्हाताऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी सरकलेल्या रंगांचा नुसता डाग. भिंतीवर तो चौकोन रिकामा राहिला. मला चेहरा हवा होता — असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. छपाई खराब होती, चेहरा दिसत नव्हता, नाइलाज होता. अहो, पण नेटवर तसले शंभर म्हातारे होते. मी आरशात बघून माझाच काढू शकलो असतो. आबांचा काढला असता तर दोन हजार रुपये जास्त मिळाले असते!

मी घरी गेलो आणि ती जुनी वही काढली.

दोन दिवस रंगवत होतो. उघडं तोंड, खाली घसरलेला ओठ, डाव्या भुवईवरची जखमेची खूण — तीसुद्धा सोडली नाही. पानांखाली झाकली असती तर चाललं असतं. मी पान बाजूला सरकवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काढलेला चेहरा जिवंत वाटत होता आणि मला आनंद झाला होता. हे लपवायचं नाही म्हणूनच तर लिहायला बसलोय. मला फार आनंद झाला होता.

आठवड्याभरात आमच्या वर्गातला कुणीतरी तिथं जेवायला गेला. त्यानं कोपऱ्याचा फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच शब्द, ‘सर!!’ मग हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी बराच वेळ बघत राहिलो. मग मीही त्यातलंच एक तोंड पाठवलं.

फोटो फिरत फिरत मुलांच्या आयांपर्यंत गेला. पुढच्या शनिवारी ओसरीत पाच-सहा मुलं कमी होती. रविवारी सरांचा फोन आला. चित्र बघायचंय म्हणाले, मला घेऊन जा.

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. भर दुपार, एप्रिलचं ऊन. परमिट रूम नुकती उघडली होती, आत पोऱ्या टेबलं पुसत होता, आणि कालच्या दारूचा वास तसाच कोंडलेला. सहा वर्षांत सर अशा जागी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. मला त्याचीही भीती वाटली नाही. मला फक्त माझी भीती वाटत होती. सर भिंतीसमोर उभे राहिले. शिकवताना बघायचे तसेच, डावीकडून उजवीकडे, घाई न करता. केळीच्या घडांपाशी थोडे हसले. मग कोपऱ्यात आले. किती वेळ उभे होते सांगता येत नाही. 

“गाढवाचा मागचा पाय चुकलाय,” म्हणाले. “सांधा उलटा वळवलास. चेहरा बरोबर आहे.”

मी गाढवाच्या पायाकडे बघितलं.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “पुस्तकात बघूनच काढलंस ना रे?”

आता सांगा, ज्या माणसानं ते पान मला आयुष्यात शंभर वेळा उघडून दाखवलं, त्याला त्या चौकोनात काय छापलंय हे माहीत नव्हतं? ते विचारत नव्हते. मला दार उघडून देत होते. सांगून टाक, किंवा निघून जा. दोन्हीची मुभा होती. मी म्हणालो, “हो सर. पुस्तकातलंच आहे.”

“बरं,” म्हणाले. आम्ही बाहेर आलो.

इथंच थांबलो असतो तरी हा कबुलीजबाब पुरेसा झाला असता. पण खरी गोष्ट ही नाही. ही तर मी कधीतरी एखाद्याला सांगूही शकलो असतो. कलावंताची आगळीक, तरुणपणाचा ताठा, असं काहीतरी नाव देऊन. खरी गोष्ट त्याच्या तिसऱ्या दिवशीची आहे.

सरांच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. बँकेत होते, सभ्य माणूस. अवघडून बोलत होते. म्हणाले, रविवारी दुपारी सरांना त्या परमिट रूममधून बाहेर पडताना आमच्या ओळखीच्यानं पाहिलं. तुम्हीच बरोबर होतात म्हणे. फोटोचं आम्ही मनावर घेतलं नव्हतं हो, पण आता हे ऐकलं. मुलीला पाठवायचं की नाही एवढंच विचारतोय. सर पुन्हा घ्यायला लागलेत का?

जगात एकच साक्षीदार होता, आणि तो फोनवर होता. एक वाक्य पुरे होतं. सर चित्र बघायला गेले होते, पाण्याचा ग्लाससुद्धा घेतला नाही. पण मग ते विचारणार, एवढं काय बघायचं होतं चित्रात? आणि मग मला सांगावं लागणार, की तो चेहरा योगायोगानं सारखा नाही, मी तो मुद्दाम काढलाय. मी उभा होतो स्टाफरूमच्या दारात. पलीकडे मधल्या सुट्टीचा गोंगाट. मी हसलो. फोनवरही हसू ऐकू जातं, ठाऊक आहे ना?

आणि म्हणालो, “जाऊ द्या हो. मोठा कलावंत माणूस आहे, चालायचंच.”

बघा, यात खोटा शब्द एकही नाही. उलट कौतुकच आहे. मी हे वाक्य नंतर कितीतरी वेळा मनात उलटंसुलटं करून पाहिलंय. कायद्यात कुठंही सापडायचं नाही. ते गृहस्थ म्हणाले, समजलं, आभारी आहे.

जूनमध्ये वर्ग बंद झाला. कुणी भांडलं नाही, कुणी जाब विचारला नाही. मुलं यायची थांबली, इतकंच. परीक्षा जवळ आलीय, क्लासची वेळ जुळत नाही, आजी आजारी आहे. सरांनी एकाही आईला खुलासा दिला नाही. काकूंनी मला विचारलं, भाऊ, तू शाळामास्तर, सगळ्यास्ले ओळखस, काय झायं रे? मी म्हणालो, काय माहीत काकू, हल्ली मुलांना मोबाइल हवा, चित्रं नकोत.

आणि त्या श्रावणात सरांचा निरोप आला. रोट खायला ये.

गेलो. न जाऊन कसं चालेल? संशय आला असता. मी पाटावर बसलो, काकूंनी वाढलं, या खेपेला न घुटमळता. सर समोर बसले होते आणि मी मान वर केली नाही. ज्या चौरंगावर हात ठेवून त्या माणसानं शब्द दिला आणि पाळला, त्याच्यासमोर बसून मी दोन रोट खाल्ले. घास अडकला वगैरे काही झालं नाही. पुस्तकांत तसं होतं. मला भूक लागली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी सर गेले. हृदयविकारानं, सकाळी दूध आणायला गेले असताना. स्मशानात कुणीतरी मागे कुजबुजलं, शेवटी दारूनंच नेलं म्हणायचं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी सरपणाकडे बघत राहिलो.

ती परमिट रूम पुढं बंद पडली, आता तिथं फरशीचं दुकान आहे, भिंतीवर पांढरा रंग. तो म्हातारा गेला. पण मला तो कुठंही दिसतो. मोबाइलवर परदेशी संग्रहालयांची चित्रं बघत बसायची मला सवय आहे. कुठलाही काळ असो, मडकं असो की दगड की तेलरंग, देवाच्या वरातीत तो असतोच, आणि दर वेळी मी आधी डाव्या भुवईकडे बघतो. खूण नसते. तरी बघतो. पाचवीच्या मुलांना मी काही केलं तरी चेहरे शिकवत नाही. फुलं, मडकी, निसर्गचित्र. मुख्याध्यापक विचारतात, व्यक्तिचित्रण का नाही? मी म्हणतो, अवघड जातं मुलांना.

एक शेवटचं राहिलं. ते टाळून हे संपवता येणार नाही.

सरांच्या दहाव्याच्या आधी काकूंनी मला बोलावलं. घरात सरांचा धड फोटो नव्हता. होता तो ओळखपत्राचा, पुसट. म्हणाल्या, तू काढ. तुझ्याशिवाय कोण काढणार? मी तीन दिवस प्रयत्न केला. माझा हात चांगला आहे, पण सर येईनात. मला त्यांचा शुद्धीतला चेहरा आठवेना. आठ-नऊ वर्षं समोर बसून मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. चौथ्या दिवशी, हो, मी तीच वही काढली. त्याच रेखाटनावर चौकडी आखली. तोंड मिटवलं. ओठ वर घेतला. केस नीट केले, चष्मा चढवला, कोट घातला. डोळे मात्र बदलता आले नाहीत. बदलले की सर नाहीसे होत होते. म्हणून डोळे तसेच ठेवले.

ते चित्र त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे, चंदनाच्या हारात. मी मागच्या आठवड्यात गेलो होतो. काकूंनी संध्याकाळची उदबत्ती ओवाळली, आल्या-गेल्याला सांगतात तसं शेजारच्या बाईला सांगितलं, हा आमचा घरचाच, यानंच काढलंय. मला भरून आलं. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“कसाले रडस भाऊ? देख ना त्यास्ना डोया. तुनाकडे आसंच देखेत ते, माया करीसन.”

मी डोळे पुसले आणि म्हणालो, “हो काकू.”